प्रॉम्प्टर नेहमी डाव्या विंगेत

डॉक्टर, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली, वय 37. प्राथमिक शाळेत शिकवते. सात वर्षांची असताना पावसाळ्यात माझा उजवा कान फुटला, तेव्हापासून तो वर्षातून दोन-चारदा वाहतोच. गावच्या जत्रेला आम्ही बायका नाटक करतो. गेली बारा वर्षं प्रॉम्प्टर कायम डाव्या विंगेत बसते, कारण उजवीकडून आलेला शब्द मला पोचत नाही. हे फक्त नाटक बसवणाऱ्या वहिनींना माहीत आहे. शाळेत उजवीकडच्या बाकावरून मुलं 'बाई, बाई' करत राहतात आणि मी फळ्याकडे बघत असते.

या पावसाळ्यात कान वाहायचा थांबेना म्हणून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलं. पडद्याला मध्यभागी मोठं भोक आहे, पडदा बसवायचं ऑपरेशन करा म्हणाले. ऐकण्याच्या तपासणीत उजव्या कानापुढे 43 आणि 12 असे आकडे लिहिलेत. आता आठ आठवडे कान कोरडा आहे. पण घरात एकमत नाही. दीर सांगतात, त्यांच्या ऑफिसातल्या एकाने हेच ऑपरेशन केलं, कान पुन्हा वाहिला आणि ऐकूही आलं नाही. शेजारीण म्हणते तोंड वाकडं होतं. सासूबाई लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडतात, मला नाही म्हणवत नाही. मिस्टर म्हणतात, तूच ठरव. ऐकण्याचं मशीन लावून भागणार नाही का? आणि पौषात जत्रा आहे. आधी नाटक की आधी ऑपरेशन?

— एक शिक्षिका

ताई, ते दोन आकडे तुम्ही लिहिलेत हे फार बरं केलंत. तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यांतच आहेत, आणि ती चांगली आहेत.

त्या तपासणीत आधी तुमच्या कानांवर हेडफोन चढवला असेल, मग कानामागच्या हाडावर एक छोटी डबी टेकवली असेल. हेडफोनचा आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर, तिथून तीन हाडांवरून आत जातो. डबीचा आवाज ही सगळी वाट सोडून कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात शिरतो. हेडफोनवर 43 डेसिबलपर्यंत आवाज चढवला तेव्हा कुठे तुम्हाला ऐकू आला, हाडावरून मात्र 12 लाच. साधारण 25 पर्यंत आम्ही ठीक धरतो. म्हणजे तीस वर्षं वाहूनही तुमचा आतला कान आणि ऐकण्याची नस शाबूत आहे. अडलंय ते वाटेत. मधला 31 चा फरक हाच ऑपरेशनने भरून निघण्यासारखा भाग. दोन्ही आकडे 45-50 च्या घरात असते तर मी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं असतं, कारण नस गेली असेल तर पडदा कितीही सुबक बसवा, ऐकणं परत येत नाही.

घरी एक करून पाहा. रात्री सगळी निजली, पंखा बंद केला, की तोंड मिटून 'म्' असा लांब सूर धरा. तो सूर तुम्हाला उजव्या, म्हणजे अधू कानात मोठा ऐकू येईल. पेशंट यावर दचकतात, काहींना वाटतं कान आपोआप बरा झाला. तसं नसतं. बाहेरचा गोंगाट त्या कानात शिरत नाही आणि हाडातून आलेला सूर आतच घुमतो. आम्ही कपाळावर कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) टेकवून हेच बघतो. नस अधू असेल तर आवाज उलट चांगल्या कानाकडे जातो. ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची, जागा हा सूर घेणार नाही, पण घरच्यांना समजावताना उपयोगी पडेल. मिस्टरांनाही एका कानात बोट घालून 'म्' म्हणायला सांगा. बंद केलेल्या कानात सूर चढलेला त्यांना ऐकू येईल आणि तुम्ही काय म्हणताय ते कळेल.

आता पडदा करतो काय? तो साधारण नखाएवढा, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. त्याला हातोडीच्या आकाराचं हाड चिकटलेलं, त्याला ऐरण, ऐरणीला रिकीब. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, उकड्या तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे 55 चौरस मिलिमीटर आणि रिकिबीचा तळ जेमतेम 3.2. मोठ्या पडद्यावर गोळा झालेला जोर एवढ्याशा तळावर एकवटतो म्हणून हवेतला हलका आवाज आतल्या पाण्याला हलवू शकतो. पडद्याला भोक पडलं की जोर गोळा करणारी जागाच कमी होते. त्यातही आधी खर्जातला आवाज जातो. माझ्याकडे फोंड्याला घुमट, म्हणजे आपलं मातीच्या घड्याचं वाद्य, वाजवणारे एक गृहस्थ यायचे. त्यांची तक्रार एवढीच होती, की सोबतच्या शामेळ ढोलाची काडी ऐकू येते, घुमटाचा 'घूं' येत नाही. त्यांच्या ऑडिओग्रामची रेघ बरोबर तिथेच खाली गेलेली होती.

ऑपरेशन तुम्हाला नीट सांगते, कारण भीती बहुतेक न बघितलेल्या गोष्टीची असते. कानाच्या वर, कानशिलावर हात ठेवा आणि दात घट्ट आवळा. हाताखाली फुगतो तो स्नायू. त्याच्यावर पांढरं, चिवट आवरण असतं. कानामागे चीर देऊन त्याचा रुपयाएवढा तुकडा काढतात. स्नायूला त्याची उणीव भासत नाही. तो ओला तुकडा स्टीलच्या ठोकळ्यावर पसरून वाळू देतात, मग तो कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा होतो, थोडा कडक आणि अर्धपारदर्शक. तोच तुमचा नवा पडदा. तुमच्याच अंगाचा असल्यामुळे शरीर तो परका म्हणून टाकत नाही. काही सर्जन कानाच्या पुढच्या टोकाची कूर्चाही वापरतात, कधी चीर न देता नळीतूनच दुर्बीण घालून काम करतात. ते ज्याच्या त्याच्या हाताच्या सवयीवर.

मग भोकाच्या कडा खरवडतात. हे ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण सगळं त्यावरच असतं. तुमच्या भोकाची कड केव्हाच कातडी धरून बसलीय, शरीराच्या लेखी तिथलं काम संपलेलं आहे. खरवडून ताजी केली की शरीर पुन्हा भरायला घेतं. एखाद्याला कानफटात बसून किंवा फटाक्याने पडदा फाटला तर तो बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जुळतो, तो याचमुळे. कडा ताज्या असतात. तुमचा तीस वर्षं जुना, तो आपोआप जुळणार नाही. मधल्या कानात जेलफोम या विरघळणाऱ्या स्पंजाचे तुकडे गादीसारखे भरतात, नवा पडदा जुन्याच्या खालून त्यावर अंथरतात, वरूनही जेलफोम ठेवतात. एकंदर दीड-दोन तासांचं काम. जर्मनीत वुलश्टाइन आणि त्स्योलनर या दोघांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, ऑपरेशनचा मायक्रोस्कोप हाती आल्यावर ही शस्त्रक्रिया मांडली. आज ती आपल्याकडे अगदी रोजची झाली आहे.

हाडांची साखळी चालते का, तेही त्याच वेळी हलवून बघतात. तुमचा फरक 31 आहे, 40 च्या वर असता तर मी हाडांवरही शंका घेतली असती. समजा ऐरण झिजलेली निघाली, तर तिथे जोड देता येतो. सहीच्या कागदावर त्याचा उल्लेख असेल तर घाबरू नका.

दिरांनी सांगितलेली गोष्ट खोटी नसेल. चांगल्या हातात, कोरड्या कानात दहातले साधारण आठ-नऊ पडदे धरतात. म्हणजे एक-दोन धरत नाहीत. ज्यांचा धरत नाही त्यांची गोष्ट गावभर होते, ज्यांचा धरला ते पुढच्या महिन्यात विसरूनही जातात. पण त्या गृहस्थांचे दोन आकडे काय होते? कान वाहत असताना ऑपरेशन झालं का? नाक कायम चोंदलेलं असायचं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोक मध्यभागी होतं की वरच्या कडेला?

कारण फुटलेले सगळे कान एका जातीचे नसतात. तुमचा मध्यभागी फुटलेला, सर्दीबरोबर वाहतो, स्राव पातळ, भरपूर आणि बिनवासाचा असतो. दुसऱ्या जातीत पडद्याचा वरचा भाग आत ओढला जातो आणि त्या खिशात कातडीचा थर साचत जातो. त्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो थोडासाच वाहतो, पण घाण वास येतो, कधी रक्ताचा अंश असतो, आणि तो हाड खात जातो. पुढे चक्कर येते, चेहऱ्याची नस धरली जाते, अगदी मेंदूपर्यंत पू जाऊ शकतो. तिथे कानामागचं हाड कोरून रोग काढणं हेच मुख्य काम, ऐकणं नंतरचं. त्या कानाला मी कोणालाही थांबू देत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या कानाला असा वास येत असेल तर या आठवड्यात दाखवा.

शेजारणीचं तोंड वाकडं होण्याचं भय याच दुसऱ्या जातीतून आलेलं आहे. चेहऱ्याची नस मधल्या कानाच्या भिंतीतून जाते हे खरं. नुसता पडदा बसवताना तिला धक्का लागणं फार क्वचित. मात्र एक गोष्ट बऱ्याचदा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पडद्याच्या मागून जिभेच्या चवीची एक बारीक नस जाते आणि काम करताना ती ताणली जाते. मग काही आठवडे, कधी काही महिने, जिभेच्या त्या अर्ध्या बाजूला धातूसारखी चव राहते. सोलकढी पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखी लागते. बहुतेकांची ती हळूहळू जाते. थोडे दिवस चक्कर किंवा कानात गुणगुण होऊ शकते. आतल्या कानालाच इजा होऊन ऐकणं आणखी कमी होणं हा धोका शंभरात एखाद्याचा, पण तो आहे आणि सही करण्याआधी तुम्हाला ठाऊक असायला हवा.

मशीनबद्दल. ऑपरेशन करायचंच नाही असं तुम्ही ठरवलंत, तर तो काही गुन्हा नाही. कोरडं, मध्यभागचं भोक सांभाळून माणसं आयुष्य काढतात, आणि कोरड्या कानाला मशीन चांगलं चालतं. पण तुमचा कान वाहतो. मशीनचा साचा नळी बंद करतो, आत हवा खेळत नाही, दमटपणा वाढतो, आणि आपल्या हवेत तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत विचारू नका. वाहायला लागला की मशीन काढून ठेवायचं, म्हणजे गरज असते तेव्हाच ते पेटीत. 37 व्या वर्षी, शाबूत नस असताना, मी तरी तुम्हाला आधी पडदाच बसवा म्हणेन. मशीनची वाट त्यानंतरही बंद होत नाही. आणि ऑपरेशनचा पहिला हेतू ऐकणं नव्हे, तर हे वाहणं थांबवणं. ऐकणं सुधारेल अशी तुमच्या बाबतीत चांगली आशा आहे. ते पूर्ववत होईल असं वचन मी देणार नाही, कोणी दिलं तर त्यावर विसंबू नका.

सासूबाईंचं तेल मात्र आजपासून बंद. भोक असलेल्या कानात सोडलेलं तेल पडद्याबाहेर राहत नाही, ते थेट मधल्या कानात जातं आणि बरोबर लसणीचे कण नि बुरशीही नेतं. आठ आठवडे कोरडा राहिलेला कान एका रात्रीत पुन्हा वाहायला लागेल आणि ऑपरेशन पुढे जाईल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी पोरं वाढवली तेव्हा कानाचा डॉक्टर दोन बसगाड्या बदलून गाठावा लागायचा, हाताशी होतं ते तेलच. 'पडद्याला भोक आहे, तेल आत जातं असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय' म्हणून हे पान त्यांना वाचून दाखवा, आणि केसांना तेल त्यांच्याच हातून लावून घ्या. घरात पडून असलेल्या कानाच्या ड्रॉप्सचंही तेच. त्यांतली काही औषधं भोकातून आत गेली तर नसेलाच इजा करतात. डॉक्टरांनी या कानासाठी लिहून दिलेलं सोडून काही घालू नका. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन चोपडून कान बंद करायचा, आणि तळीत किंवा झरीवर डोकं बुडवायचं नाही.

आता नाटक. जत्रेला साडेतीन महिने आहेत आणि कान कोरडा आहे, हा योग सोडू नका. आधी ऑपरेशन. तुम्ही नाटकानंतरचं ठरवलंत की फाल्गुनात शिगमा, मग परीक्षा, मग लग्नसराई, आणि बघता बघता पाऊस. तीस वर्षं हे असंच गेलं असणार.

शाळेतून दोन आठवड्यांची रजा घ्या. टाके आठ-दहा दिवसांनी निघतात. पहिले सहा आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, कारण नाकातली हवा मागच्या नळीतून कानात चढते आणि पडदा उचलते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या, आवाज झाला तर होऊ दे. पाण्याची घागर, गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही. विमान नाही, आणि चोर्ल्याच्या घाटातून बेळगावलाही जाऊ नका, घाटात कानाला दडे बसतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीत नरकासुराच्या रात्री त्या भोंग्यांपासून आणि फटाक्यांपासून लांब राहा.

आणि एका गोष्टीची तयारी ठेवा. ऑपरेशननंतर पहिला महिना-दीड महिना तुम्हाला आधीपेक्षाही कमी ऐकू येईल. कान जेलफोमने भरलेला असतो, तो विरघळायला वेळ घेतो. याच दिवसांत घरची माणसं म्हणतात, 'बघ, सांगितलं होतं.' त्यांना आधीच सांगून ठेवा. खरी परीक्षा तीन महिन्यांनी, दुसऱ्या ऑडिओग्रामला.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. बांबोळीला किंवा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात दाखवत असाल तर गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बरोबर न्या. ही योजना 2016 पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो. खाजगीत करणार असाल तर डॉक्टरांकडून ऑपरेशनचं नाव कागदावर लिहून घ्या आणि ते योजनेच्या यादीत बसतं का, हे तारीख घेण्याआधी विचारा.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक मागणं. मुलांची नाकामागून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी त्यांच्या कानात चटकन उतरते. तुमचंही सातव्या वर्षी तेच झालं. श्रावणात वर्गात एखादं पोर कानातून वाहिलेलं पुसावं तसा एका बाजूचा गाल पुसत असेल, हाक मारली की मान ठरावीक बाजूलाच वळवत असेल, श्रुतलेखनात शेजाऱ्याच्या वहीत डोकावत असेल, तर शिक्षा करण्याआधी त्याच्या आईला बोलवा. तुमच्या लहानपणी हे कोणी पाहिलं असतं तर भोक एवढं मोठं झालंच नसतं कदाचित.

डिसेंबरच्या तालमींना तुम्ही आरामात उभ्या राहाल. मोठं काम घ्या, पाठांतराला आता घरी बसून दोन आठवडे मिळणारच आहेत. प्रॉम्प्टरला यंदा डाव्या विंगेतच राहू द्या, तुमची तीन महिन्यांची तपासणी जत्रेच्याच सुमारास येईल. नवे दोन आकडे आले की मला कळवा.